जुम्म्याची दुसरी प्लेट

मी घरातला पहिला पदवीधर. नोकरी न धरता पेरणीयंत्रं बनवतो आणि ते छाती काढून सांगतो. त्यांचे ओतीव भाग घेऊन एका शुक्रवारी बीडच्या एका वर्कशॉपात गेलतो. दुपारी मिलिंग मशीनवर लोखंड तासणाऱ्या चाचांनी हात पुसून नमाजाची टोपी घातली, तसा शेजारच्या मशीनवरून मालक गरजला, "आज जुम्मा न्हाई, चाचा! गिऱ्हाईक थांबलंय. तुमी गेलं की मशीन बंद पडतंय."

चाचांनी मशीनकडे बोट दाखवलं. मशीनला त्यांनी स्वतःच रूळ जोडले होते. त्यावर दुसरी प्लेट होती, तिच्यावर माझे पुढचे भाग आधीच मापात आवळलेले. पहिली प्लेट ओढायची, दुसरी खुंटीला अडेपर्यंत ढकलायची, की काम पुन्हा सुरू.

सोबतचा कारागीर हसला, "जावा चाचा. ढकलायला मी हाय की."

निघताना चाचा मला म्हणाले, "साहेब, तुमचा वक्त चोरून अल्लाला दिला, तर तो काहून घेईल?"

वेळ वाचवायचा तो कशासाठी, हे मला त्या दिवशी समोर दिसलं.

ते परतले तेव्हा मशीन चालूच होतं. मालक मान वर न करता म्हणाला, "माझ्या मशीनलाबी असलंच बसवा. एकादशीला मला नारायणगडाला दर्शनाला जायचं असतंय."