विरजण

"विरजण काढून ठेवलंय ना?" संगणकातल्या सभासदांच्या तक्त्यातली निम्मी नावं चुकून पुसली गेल्यावर ग्रंथपाल सुनंदाताईंनी एवढंच विचारलं. आमच्या वाचनालयात बॅकअपला विरजणच म्हणतात.

"आहे की, कालचं." मी ते घाईघाईने मूळ तक्त्यावरच ओतायला निघालो.

"अहो, थांबा! तेच नासकं निघालं तर उरलंसुरलंही जाईल. आधी वेगळ्या भांड्यात लावा."

नव्या, रिकाम्या तक्त्यात नावं एकामागून एक उमटली. सगळी होती. माझा जीव भांड्यात पडला, तोही वेगळ्या.

घरी दही संपत आलं की आई चमचाभर बाजूला काढते. मला तो चिकटपणा वाटायचा. आता वाटतं, त्या चमच्याच्या जिवावरच तर आम्ही बाकीचं दही निर्धास्तपणे चाटूनपुसून खातो.