बटण उशिरा लागतंय

कॅनडातल्या थंडर बे गावात शाळेची बस चालवणाऱ्या डॅरिल हिएतालाला ज्यावर मत नाही असा विषय अजून निघायचा आहे. नवे फोन म्हणजे निव्वळ लूट, बातम्यांची अ‍ॅप्स म्हणजे डोक्याला ताप, आणि मनगटावरच्या घड्याळाने माणसाला 'ऊठ, चाल' म्हणून हुकूम सोडणं हा तर शुद्ध आगाऊपणा. हे सगळं तो दर शनिवारी दुपारी आपल्या तळघरात कॅमेऱ्यापुढे बसून जगाला फुकट सांगतो. जग म्हणजे गावातली आणि आसपासची काही शे माणसं, पण ती नेमाने बघतात. फोनबिनचं सोडा, व्हिडिओ गेमच्या बाबतीत डॅरिलच्या हातांना कळतं, असं त्यांना वाटतं. त्यालाही वाटतं, जरा जास्तच.

बटण दाबलं तरी गेम उशिरा हलतो, अशी कुणी तक्रार केली की डॅरिल आधी त्याचीच हजेरी घेतो. "टीव्ही गेम मोडवर ठेवलायस का? नाही ना? मग गेमला कशाला नावं ठेवतोस?" टीव्ही सिनेमाच्या सेटिंगवर असला की तो चित्र गुळगुळीत करत बसतो आणि बटणाचा हुकूम मागे पडतो. हे त्याने इतक्यांदा ऐकवलंय की लोक त्याची नक्कल करतात.

मागच्या शनिवारी त्याने मार्नीचा गेम खेळून दाखवला. मार्नी कोवाल्चुक कित्येक वर्षं याच तळघरात शेजारच्या खुर्चीत बसून त्याच्याशी भांडायची. मग नोकरी सोडून, घरात कोंडून घेऊन तिने एकटीने गेम केला. बर्फातून घर शोधत निघालेला एक ससा, एवढीच गोष्ट. बाजारात आणायच्या आधी तिने तो सगळ्यात पहिल्यांदा डॅरिलला दिला. डॅरिल सर्वांसमक्ष म्हणाला, "दिसायला देखणा आहे, पण उडी उशिरा लागते. मैत्री मैत्रीच्या जागी. हात खोटं बोलत नाहीत."

आज सकाळी तो गेम बाजारात आला होता आणि मार्नी कार्यक्रमाला पाहुणी म्हणून आली होती. ती वर स्वयंपाकघरात डॅरिलच्या बायकोशी, शेलीशी बोलत होती. डॅरिल खाली मांडामांड करत होता. चित्र जरा उजळ करावं म्हणून त्याने टीव्हीची सेटिंग उघडली. टीव्ही सिनेमावर होता.

तो जिन्याशी गेला. "शेली, टीव्हीचं काही बदललंस का?"

"हो, दोन आठवडे झाले. त्या केकवाल्या कार्यक्रमात सगळ्यांची तोंडं निळी दिसायची. का रे?"

"काही नाही. असंच."

त्याने सेटिंग बदलली आणि आठवडाभर पडून असलेली जुनी प्रत चालू केली. बटण दाबलं. सशाने मागचे पाय किंचित दुमडले, अंग आवळलं आणि उडी घेतली. अगदी वेळेवर. ते पाय दुमडणं इतकं खरं होतं की डॅरिलला स्वतःची शरम वाटली. मार्नी त्यासाठी हिवाळाभर परसातले ससे बघत बसली होती, हे त्याला ठाऊक होतं.

जिन्यावर पावलं वाजली. आता सांगावं तर कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झालेली. आणि कार्यक्रमात सांगावं तर आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट आपल्याच घरात विसरली, याची शोभा. सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. आज नुसतं कौतुक करायचं, म्हणजे झालं. तिचंही भलं, आपलीही अब्रू शाबूत.

"घे, तुझा पर्शियन," मार्नीने गावात त्या नावाने मिळणारा गुलाबी आयसिंगचा बन त्याच्यापुढे ठेवला. तिचे डोळे तारवटलेले होते. "आणि आज जरा सांभाळून बोल हां."

कॅमेरा चालू झाला. पडद्याच्या कडेला लोकांचे प्रश्न धावू लागले. उडीचं काय झालं? अजून उशिराच का?

डॅरिल म्हणाला, "मी परत खेळून बघितला. उडी चांगली आहे. मस्तच आहे."

"असणारच," मार्नी म्हणाली. "आठवडाभर धड झोपले नाहीये. पण ही जुनी प्रत झाली, बाबा. आज सकाळची उघड."

त्याने नवी उघडली. बटण दाबलं. ससा ताठच्या ताठ वर गेला आणि तसाच खाली आला. डॅरिलने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कडेला कुणीतरी लिहिलं, सशाला वरून दोरीने ओढतंय का कोण?

"ते पाय दुमडायचा ना तो," डॅरिल म्हणाला. "ते कुठे गेलं?"

"काढलं. त्यातच वेळ जात होता. तूच म्हणालास ना, उशीर होतो."

"परत घालता येईल?"

"येईल की. पण आज ज्यांनी घेतला त्यांनी हाच बघितला. पहिल्या दिवशी नाव गेलं की गेलं. का, काय झालं?"

अजूनही गप्प बसता आलं असतं. पण ती त्याच्याकडे जुन्या भरवशाने बघत होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"मार्नी, तुझी उडी बरोबर होती. माझा टीव्ही सिनेमावर होता."

मार्नीने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मी रोज खेळून बघत होते," ती हळूच म्हणाली. "मला उशीर जाणवतच नव्हता. म्हटलं, डॅरिलला जाणवतोय म्हणजे माझेच हात गेले. रडले रे मी त्या रात्री."

डॅरिलने कॅमेरा बंद करायला हात पुढे केला. मार्नीने त्याचं मनगट धरलं.

"चालू राहू दे. परत सांग. या वेळी माझ्याकडे नको बघूस, त्यांच्याकडे बघ."

डॅरिलने मान वर केली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.