धरणावरचा नाताळ

नाशिक जिल्ह्यात आजवर जेवढं चांगलं लाकूड वाया गेलं असेल, त्यातलं निम्मं एकट्या माझ्या दाजींनी घालवलं, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नोकरी एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात, पण हत्यारं हातात घेण्याची नाही, हिशेबाच्या टेबलावरची. दिवसभर बसून हातांत जी काय खुमखुमी साठायची, ती संध्याकाळी करवतीवर निघायची. दिवाळीचा फराळ संपायच्या आत जेलरोडला त्यांच्या मागच्या अंगणात ठाकठोक सुरू व्हायची आणि आम्ही समस्त नातेवाईक एकमेकांना सावध करायचो. नाताळ जवळ आला, दाजी भेटवस्तू बनवायला बसले! विकत आणलेली भेट ही त्यांच्या लेखी भेटच नव्हती. "ती दुकानदाराने दिलेली. आपलं त्यात काय?" असं ते विचारायचे. आपलं त्यात काय असतं ते आम्हाला दर पंचवीस डिसेंबरला कळायचं.

मला एका वर्षी त्यांनी टपालपेटी करून दिली. सागवानी, पितळी कडीची, वर नक्षी कोरलेली. फक्त पत्र टाकायची फट अंतर्देशीय पत्राहून अरुंद. पोस्टमन बिचारा पत्रं पेटीच्या डोक्यावर ठेवायचा आणि वर एक दगड ठेवून जायचा. पुढच्या वर्षी करवंटीचा दिवा आला. तो लावला की घरभर खोबरं भाजल्याचा वास सुटायचा आणि शेजारच्या काकू विचारायच्या, "आज काय, मसाल्याचं वाटण का?" या वस्तू कुणाच्या लग्नात आहेर म्हणून फिरवून टाकाव्यात, तर तीही सोय नाही. दाजींची वस्तू लांबूनच ओळखू यायची. जी वस्तू उभी राहायला हवी ती बसलेली आणि जी बसायला हवी ती कललेली, की समजायचं. आईला तर त्यांनी देवघर करून दिलं. आता ख्रिश्चन जावयाने सासूला देवघर द्यावं, ही केवढी मोठ्या मनाची गोष्ट! पण तळ उतरता. पूजा करून आई उठली की तासाभरात बाळकृष्ण रांगत रांगत काठावर आलेला असायचा. आईने त्याच्यापुढे चिंधीची गुंडाळी अडवून ठेवली आणि देवघर आयुष्यभर वापरलं. कुणी हसलं तर म्हणायची, "देव घसरतात, पण माणूस चांगला आहे."

हे चांगलेपण पटत नव्हतं ते एका अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले तरी शब्दन् शब्द तोलून बोलायचे आणि एकदा बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ताईने दाजींशी लग्न ठरवलं तेव्हा पंचवटीतल्या आमच्या घरात जो काय तमाशा झाला तो सांगत बसत नाही. दाजींचं घराणं शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतलं, पिढ्यान्‌पिढ्या नाशिकचं, त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. पण अण्णांनी ऐकलं नाही. बैठकीच्या खोलीत उभं राहून त्यांनी निकाल वाचला : "त्याच्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. आणि त्याने माझ्या घराचा ओलांडायचा नाही." ताई येऊ-जाऊ शकत होती, तिच्यावर बंदी नव्हती. पण वडिलांनी एकदा आपल्या घरी यावं, आपल्या हातचं ताटावर बसून जेवावं, एवढं एकच तिला हवं होतं. ती कधी बोलली नाही. दाजींनी मात्र ते अंगावर घेतलं आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले. चिवट माणूस मेला!

दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता, नाहीतर पाया पडायला आला असता. दाजींनी अण्णांचं वाक्य घोळवून घोळवून पाहिलं आणि एक दिवस स्कूटर आमच्या फाटकाबाहेर उभी करून मला हाक मारली. "मेहुणीबाई, अण्णा उंबऱ्याबद्दल बोलले आहेत. धरणाबद्दल काही बोलले आहेत का?"

मी म्हटलं, "धरणाचा काय संबंध?"

"धरणाला उंबरा नसतो."

झालं! त्या वर्षापासून आमचा नाताळ गंगापूर धरणावर सुरू झाला. सकाळची चर्चमधली उपासना आटोपली, की दाजी मॅटॅडोर ठरवून आणायचे आणि अख्खा सण तिच्यात भरायचे. सतरंज्या, ताईने केलेला फराळ, झाकलेल्या भेटवस्तू आणि पुढच्या काचेवर दोरीने बांधलेली दाजींच्या हातची चांदणी, जिचं एक टोक द्वारका चौक येईपर्यंत हमखास गळून पडलेलं असायचं. गाडी आमच्या फाटकाशी येऊन हॉर्न द्यायची. अण्णांनी पहिल्या वर्षी कोटाची बटणं लावत लावत बराच विचार केला आणि मग म्हणाले, "सार्वजनिक जागा आहे. हरकत घेता येत नाही." खरं सांगायचं तर त्यांना करंज्यांचा मोह होता. ताईच्या सासूबाई नाताळला ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या, त्यांनीच ताईला शिकवल्या होत्या, आणि तशा करंज्या आमच्या आईच्या हातून कधी उतरल्या नाहीत. हे मी आईसमोर बोलले असते तर मला त्या दिवशी जेवण मिळालं नसतं.

गाडीत अण्णा पुढे, दाजीही पुढे, मधे मी. का? तर अण्णा दाजींशी थेट बोलायचे नाहीत. "त्याला विचार, गाडी इतकी हळू का?" मी विचारायची. "अण्णांना सांग, मागे केक आहे," असं दाजी माझ्या नाकासमोरून सांगायचे. दोघांचे खांदे मला दोन्हीकडून लागलेले, दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतंय, आणि मधे मी टेलिफोन ऑपरेटरसारखी इकडचं तिकडे जोडतेय. एकदा मी कंटाळून निरोप द्यायचं थांबवलं तर दोघंही माझ्यावरच चिडले. धरणावर पोचल्यावर सतरंजी कुठे घालायची यावर माझ्यामार्फत अर्धा तास वाद चालायचा, तोवर आई गुपचूप सतरंजी घालून मोकळी व्हायची.

तो केकही सांगायलाच हवा. दाजी तो कुकरमध्ये वाळू घालून स्वतः भाजायचे. कधी केकमध्ये वाळू असायची, कधी नुसती वाळू आहे की काय असं वाटायचं. एका वर्षी काठावर शेळ्या राखणारे एक बाबा आमची चांदणी बघून जवळ आले. "कोनाची वरात हाय ही?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "वरात नाही बाबा, बड्डे आहे. बसा, केक खा." बाबांनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ जबडा फिरवला आणि म्हणाले, "ग्वाड लागतोय, पन लय कचकच करतोय हो." अण्णा त्या दिवशी सगळ्यांदेखत हसले. मग आपण हसलो हे लक्षात आल्यावर त्यांनी तोंड धरणाकडे फिरवलं.

अण्णांनाही दर वर्षी भेट असायचीच. टॉर्च बसवलेली काठी, जी इतकी आखूड होती की ती धरली की धडधाकट अण्णा लंगडायला लागायचे. चष्मा ठेवायचं घर, ज्यात चष्मा जायचा पण निघायचा नाही. अण्णा वस्तू घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि मला म्हणायचे, "मुद्देमाल माळ्यावर ठेव." दाजी खूश. "घेतलं तर खरं!" असं म्हणून ते परतीच्या वाटेवर पुढच्या वर्षीच्या वस्तूचा विचार करायला लागायचे. डब्यातलं कागदी थाळीवर वाढताना ताईचा चेहरा बघितला की मला अण्णांचा असा राग यायचा म्हणून सांगू! एकदा मी त्यांना तोंडावर म्हटलंही, "अण्णा, उघड्यावर बसून तिच्या हातचं जेवता, मग घरात बसून जेवायला काय होतं?" अण्णा म्हणाले, "प्रश्न जेवणाचा नाही. शब्दाचा आहे." शब्द म्हणे! कपाळ माझं.

मग आई गेली, आणि तिच्यानंतर दोन वर्षांनी अण्णा न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं, की गावातल्या गावात गाडीने जा, पण धरणाबिरणाचे खडबडीत रस्ते आता विसरा. अण्णा खचले. जेवण निम्म्यावर आलं. डिसेंबर उजाडला तशी ताई येऊन माझ्याजवळ रडली. "आता राहिलंच गं," एवढंच म्हणाली.

चोवीस तारखेला दुपारी फाटकाबाहेर स्कूटर वाजली. दाजींच्या केसांत भुसा, अंगठ्याला पट्टी. खिडकीत बसलेल्या अण्णांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते मला म्हणाले, "अण्णांना सांग, माझ्या घराला आता उंबरा नाही. खात्री करायची असेल तर माणूस पाठवा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "जाऊन बघून ये."

गेले. बघते तो काय, या माणसाने दाराच्या चौकटीची खालची पट्टी करवतीने कापून काढलेली! दोन्ही बाजूंची लाकडं दातांनी तोडल्यासारखी. आजूबाजूच्या चार फरशा फुटलेल्या, मधे ओल्या सिमेंटचा ओबडधोबड पट्टा. आणि ताई बाहेर पायरीवर बसलेली. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी ती त्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायची, रांगोळीची दोन बोटं ओढायची. ख्रिश्चन घरात तिचं तेवढं एक देवाचं ठिकाण होतं. मला वाटलं, आता ही नवऱ्याचा जीव घेणार. मी घाबरत विचारलं, "तुला विचारून काढला का?"

"विचारून?" ताई म्हणाली. "चौकट मी धरली होती."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "चौकट आहे?" आहे. "खालची पट्टी?" नाही. "आणि ती काय म्हणाली?" मी तेही सांगितलं. अण्णांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "उद्या माझा कोट काढून ठेव."

पंचवीस तारखेला भाड्याच्या गाडीतून अण्णा जेलरोडला उतरले. दाजी दारातून बाजूला होऊन भिंतीला चिकटून उभे, ताई आत पदर तोंडाशी धरून. अण्णांनी दाराखाली एकदा निरखून पाहिलं, वॉकर पुढे सरकवला आणि आत गेले. एवढंच. काही अडलं नाही. भिंतीकडून दाजींचा हुंदका ऐकू आला, पण त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

ताईने चांदीची वाटी मांडून ताट वाढलं. अण्णा टेबलाशी बसून सावकाश, सगळं जेवले. डिसेंबरची थंडी, दाराखाली चार बोटं फट, नुसता गार वारा आत शिरत होता. अण्णांनी धोतर सावरलं, पाय मागे ओढले, पुन्हा पुढे सोडले. मग घसा खाकरला. मी सवयीने निरोप घ्यायला मान पुढे केली, तर ते माझ्याकडे बघतही नव्हते.

"अहो," ते दाजींना म्हणाले, "पायाला वारा लागतोय. उंबरा बसवून घ्या."

दाजींच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. "हो अण्णा," म्हणाले आणि लगेच स्वयंपाकघरात गेले. आतून बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

उंबरा अर्थातच त्यांनी स्वतः केला, आणि अर्थातच तो एका बाजूला दोन बोटं उंच झाला. अण्णा त्यानंतर तीन नाताळ ताईकडे जेवले. दर वेळी त्यांचा वॉकर तिथे अडला आणि दर वेळी त्यांनी जावयाला तोंडावर चार शब्द सुनावले, जे दाजी हसत हसत ऐकून घ्यायचे. धरण मात्र बंद झालं. समेट झाला आणि आमची सहल गेली, म्हणून मी पुष्कळ कुरकुर केली.

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर दाजींनी करवत हातात धरली नाही. ताई म्हणते, वय झालं, हात थरथरतो. मला ते पटत नाही. ज्या एका माणसाला जिंकायचं होतं तोच गेल्यावर खुळ्यासारखं लाकूड कापत कुणासाठी बसायचं? हल्ली नाताळला ते बाजारातून भेटी आणतात. गेल्या वर्षी मला मिक्सर दिला, चांगल्या कंपनीचा. झाकण घट्ट बसतं, बटण दाबलं की लगेच सुरू होतो, एकदाही बिघडला नाही. मला तो मेला डोळ्यांसमोर नको होतो.