वरच्या आणि खालच्या कप्प्यातलं अंतर

सोमवार, १२ जानेवारी १९९८. खिशात सहाशे वीस रुपये. नगरच्या एका खासगी दवाखान्याच्या खोलीत आम्ही तिघं होतो: महिन्यातून एकदा पुण्याहून येणारे हृदयाचे डॉक्टर, पलंगावर डाव्या कुशीवर माझी बायको आणि मी.

चार महिन्यांपूर्वी तिला पेसमेकर बसवला होता. त्याची एक तार हृदयाच्या वरच्या कप्प्यात, दुसरी खालच्यात. वरचा कप्पा आवळल्यावर किती वेळाने खालच्याला इशारा द्यायचा, ते बाहेरच्या यंत्रावरून बदलता येत होतं. ती वेळ चुकली की आधीच दुबळं झालेलं हृदय पुरतं भरत नाही. गोळ्या वाढवायला जागा उरली नव्हती. बदलण्यासारखं एवढंच राहिलं होतं.

डिसेंबरात डॉक्टरांनी ती वेळ बदलत प्रत्येक आकड्याला विचारलं होतं, "ताई, आता कसं वाटतंय?" दरवेळी ती म्हणाली, "बरं हाय." एवढ्या लांबून आलेल्या डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? सोनोग्राफीच्या पडद्यावरचं हृदयाचं चित्र धूसर होतं, म्हणून तिच्या शब्दावर ती वेळ दोनशेवर ठरली. कर्जतच्या आमच्या घराला नऊ पायऱ्या. पूर्वी ती एकदा थांबायची, आता तीनदा थांबू लागली. पाय सुजले. मी रोज वहीत लिहीत होतो. फेब्रुवारीपर्यंत ती राहील असं मला वाटेना.

मी वही पुढे केली. "डॉक्टर, हिला विचारू नका. ही खोटं बोलते."

"अगं बया! परक्यापुढं असं बोलत्यात व्हय?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. "ताई, रोज पाठ म्हणता असं काही आहे?"

"त्रिसरण म्हनते की सकाळी."

"एका दमात म्हणा."

बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याच्या त्या तीन ओळी. दोनशेवर पहिलीतच दम तुटला. ती माझ्याकडे बघेना. एकशे साठवर दुसरी ओळ अर्धी झाली. एकशे वीसवर तिसरी संपली. ऐंशीवर पुन्हा दुसरीतच अडकली. हे आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. त्यांच्यावर माझं घर उभं होतं.

डॉक्टरांनी पडदा पुन्हा तपासला. "एकशे वीस ठेवू. पण यानं हृदय नवं होत नाही, हे समजून असा."

मी हो म्हणालो.

खिडकीवर तपासणीचे चारशे भरून पावती घेतली.

"स्टँडपर्यंत चालते की. बरं हाय मला," ती म्हणाली.

मी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला पंधरा रुपये दिले.