सांगता न येणारा ताप

मलैटा बेटावरच्या त्या गावात दवाखाना एकच, आणि सध्या त्यात नर्सही एकच, टोआता. तो जोसिनाचा सख्खा मोठा भाऊ. तिथेच तर सगळं घोडं अडलं! सहा महिन्यांची गरोदर जोसिना चटईवर कुडकुडत पडली होती, पाठीत कळा येत होत्या, आणि लघवीला आग होते एवढं तिला सांगता येत नव्हतं. बहिणीने भावासमोर असला शब्द काढला, तर भावाची गावात मान खाली जाते. ही रीत पाळण्यात असल्यापासूनच अंगात मुरते.

नवरा मासेमारीच्या बोटीवर. बायकांचं बघणारी नर्सबाई रजेवर. लेसिना जोसिनाला धरून घेऊन आली, पण तीही टोआताची चुलत बहीण, तिचीही दातखीळ बसलेली. टोआताने मलेरिया तपासला. निघाला नाही. पुन्हा तपासला, तरी नाही. गरोदर बाईला ताप आला की लघवी तपासायची, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण बहिणीच्या हातात बाटली कशी द्यायची! एवढा शिकलेला माणूस नुसता कपाट उघडत नि बंद करत राहिला.

दुपारी ताप फारच चढला. पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. मागचं बाळ असंच तापात गेलं होतं. टोआता मोठ्या दवाखान्यात न्यायला होडी तयार करायला सांगत होता, आणि समुद्र खवळलेला. पोट पुन्हा आवळलं, तशी जोसिनाच्या जिवाचं पाणी झालं. हेही बाळ जाणार. मग ती लाज काय चाटायची?

"दादा, लघवीला आग होते. बरेच दिवस झाले."

टोआताने पाठ फिरवली. लेसिना भिंतीला चिकटली. पाठमोरा राहूनच त्याने विचारलं, "पाणी पितेस का?"

"नाही. प्यायलं की मोकळं व्हायला किनाऱ्यावर जावं लागतं. आणि ती वाट तुझ्या दारावरून जाते. अंधार पडेपर्यंत दाबून धरते."

तो वळला. लघवी तपासून त्याने मुकाट्याने जंतूंवरचं इंजेक्शन दिलं.

"अगं, तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. पाणी पी, पोटभर पी. लागली की ऊठ आणि जा. मी दारात असलो तरी जा." तो चिडला होता, पण तिच्यावर नाही.

होडीत बसवून त्याने पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावली. पोट जरा सैल पडलं होतं.

"जोसी, गावात आणखी कोणी असं दाबून धरतं का गं?"

जोसिनाने किनाऱ्यावर मान खाली घालून उभ्या लेसिनाकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "या गावात तुझी बहीण लागत नाही, अशी कोण आहे?"