मेहुण्याचा बाण

शेवगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा बन्सी तसा स्वभावाने गरीब. पण अपमान मात्र तो लोणच्यासारखा मुरवत ठेवायचा. एकाहत्तरच्या जत्रेला तो जामखेडकडे सासुरवाडीला गेला, तेव्हा मेहुण्याने त्याला वर्षभर पुरेल एवढा अपमान बांधून दिला. भैरोबापुढे शोभेच्या दारूचा पहिला बाण पेटवायचा मान या मेहुण्याच्या, गोरक्षच्या घराण्याचा. "दाजी, औंदा तुमी लावा," म्हणत त्याने उदबत्ती बन्सीच्या हाती दिली. बाणाची वात मात्र आधीच नखाएवढीच उरेल अशी तोडून ठेवलेली. बाण आभाळात गेला आणि जावईबापू उकिरड्यात. गाव हसून हसून दमलं.

बन्सीने ठरवून टाकलं: पुढच्या जत्रेत गोरक्षला साऱ्या गावादेखत पळवायचं, आणि तेही त्याच्याच मानाच्या बाणाकडून.

लागला कामाला. हातबॅटरीच्या बल्बची काच कानशीने घासून काढायची, आतली केसासारखी तार सांभाळायची आणि तिला काडेपेटीच्या गुलाचा लेप द्यायचा. दुरून वायरीला सेल लावला की तार तापते, लेप भडकतो. पहिले बल्ब हातातच चुरले, पुढचे नुसतेच रुसले, आणि जो पेटला तो बन्सीची डावी भुवई घेऊन गेला. दर भडक्याला बन्सी "गोरक्षा" म्हणून गालात हसायचा. इकडे त्याची बायको साळूबाई चुलीपुढे बिनगुलाच्या काड्या घासत बसायची. सगळं कळल्यावर तिने बजावलं, भावाला चटका जरी बसला तरी ती माहेरीच राहील. नुसता पळेल, भाजणार नाही, असं बन्सीने शपथेवर कबूल केलं.

जत्रेत बाण उभा करायचं काम त्याने मागून घेतलं, वातीला बल्ब बांधला, वायर मातीखाली दडवली आणि पारामागे जाऊन बसला. गोरक्ष फेटा सावरत, उदबत्ती मिरवत निघाला. तो अजून चांगला लांब होता तोच बन्सीने वायर सेलला टेकवली. सुर्रकन बाण गेला.

पण गोरक्ष पळेना. जागच्या जागी थिजला. मग भैरोबाचे पुजारी आप्पासाहेब गुरवांनी हात जोडले.

"उदबत्ती लागली न्हाई, अन् देवानं बाण उचलून नेला."

झालं. गाव गोरक्षच्या पायांवर लोटलं.

खरं सांगायची सोय नव्हती. देवाच्या बाणात वायर घातली म्हटल्यावर सासुरवाडीने बन्सीलाच वात लावली असती. साळूबाईने त्याला रांगेत ढकललं. "मुकाट पाया पडा. तुमीच देव केलाय त्याला."

जावयाने मेहुण्याच्या पाया पडायचं म्हणजे! दातओठ खात बन्सी वाकला, आणि बघतो तर धोतराखाली देवमाणसाच्या पोटऱ्या लटलट कापत होत्या. त्याने त्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, डोकं टेकवलं, आणि मागच्यांनी कितीही ढकललं तरी बराच वेळ उठला नाही.