सगळं एकाच डब्यात

शहापुरात माझं आणि विलासचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं, १९९८ ते २००८. गिऱ्हाइकं मशीन घेऊन जायची आणि किस्सा ठेवून जायची. असे इतके साठलेत की चहाला बसलो की एकेक निघतोच. विलास टोकावड्याचा, मूळचा टीव्ही मेकॅनिक. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्यामुळं मॉनिटर आणि सीपीयू एकाच डब्यात असलेलं जुनं मशीन आलं की ते दोघांनी मिळून खोलायचं.

तसलं पहिलं मशीन आसनगावच्या एका क्लार्कनं आणलं. ऑफिसनं भंगारात काढलेलं. विलासनं विचारलं, "मॉनिटर आणलात. सीपीयू कुठाय?"

क्लार्कचा चेहरा पडला. "सायबांनी एवढंच दिलं." बाकीचा भाग ऑफिसात राहिला असं समजून तो तसाच उठला आणि स्टेशनला निघाला. मी मशीन फिरवून पाहतो तर त्यातच सीडी घालायची जागा, कीबोर्डची जागा, सगळंच. विलासनं पळत जाऊन त्याला रिक्षातून उतरवून आणलं.

या मशीनमध्ये टीव्हीसारखीच काचेची पिक्चर ट्यूब. प्लग काढला तरी तिच्यात करंट साठून राहतो. खोलल्यावर आधी तो वायर लावून उतरवायचा, मगच हात घालायचा. एकदा मी विसरलो. असा झटका बसला की कोपर मागच्या कपाटावर आपटलं. विलासनं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, बोटं हलवून बघितली. मग म्हणाला, "आता झालास तू मेकॅनिक."

मुरबाडच्या जाधवबाई अर्ज टाइप करून द्यायच्या. त्यांचं मशीन तापून बंद पडायचं. खोललं तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, हवा जायची वाटच बंद. विलासनं स्क्रूड्रायव्हर उचलला तशा बाई म्हणाल्या, "थांबा. पिल्लं गेलीत का बघा आधी."

गेली नव्हती. बाईंनी आठ दिवस हातानं अर्ज लिहिले.

आणि डोळखांबकडच्या शाळेतले गुरुजी. शाळेला कुणीतरी दान दिलेलं मशीन ते एसटीतून मांडीवर घेऊन आले. पाड्यावरच्या सगळ्या पोरांची शाळेतली जन्मतारीख एक जून. नाव घालताना कुणाला ठाऊक नसली की तीच लिहायची. गुरुजींनी दोन वर्षं घरोघर जाऊन आयांना विचारून खऱ्या तारखा काढल्या होत्या आणि त्या फक्त या मशीनमध्ये होत्या. मशीन बंद.

आम्ही ते पूर्ण उघडलं. पॉवरचा भाग जळालेला, डिस्क शाबूत. तो भाग बदलून चालू केलं, तर यादी जशीच्या तशी आली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "ही काय तारीख?"

एक जानेवारी, एकोणीसशे चार.

मी म्हटलं, "आतला सेल संपलाय. आपली तारीख आठवत नाय, मग मशीन ही लावून मोकळं होतं."

"म्हणजे आमच्या पोरांसारखंच," गुरुजी म्हणाले.

विलास सेल बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "माझी पण एक जूनच आहे, गुरुजी."

"आई आहे ना तुझी? मग विचार की."

रविवारी विलास गावी गेला, सोमवारी उशिरा आला. शटर वर केलं, स्टुलावर बसला.

"आयला विचारलं," म्हणाला.

"मग? कोणती तारीख?"

"तारीख तिला नाय ठाऊक. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती, म्हणाली. दुखायला लागलं तरी भारा खाली ठेवला नाय. गुरं चरायला सुटायच्या आधी मी झालो." हातातल्या चाव्या त्यानं टेबलावर ठेवल्या. "सगळं सांगितलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मग म्हणाली, आता येवढ्या वर्षांनी विचारलंस व्हय रे."